हॉल रविवारी, सह्या शुक्रवारी

प्रश्न: मी 27 वर्षांची, पुण्यात आईवडिलांकडे राहते. आम्ही हिंदू. तो 29 वर्षांचा, ख्रिश्चन, मूळचा वसईचा. गेली दोन वर्षं पुण्यात भाड्याच्या घरात राहतो. दोघांपैकी कोणीही धर्म बदलणार नाही. घरचे राजी आहेत. माझ्या आजोबांना मात्र अजून सांगितलेलं नाही. रविवार, 14 डिसेंबरचा हॉल घेऊन ठेवला आहे. अमेरिकेतली मावसबहीण विचारते, "मॅरेज लायसन्स काढलं का?" इथे एक एजंट म्हणतो, "पंधरा हजार द्या, दोन दिवसांत कोर्ट मॅरेज करून देतो, मुलाचं फक्त एक शुद्धीकरण करून घेऊ." काका म्हणतात, असं लग्न केलंस तर वडिलोपार्जित जमिनीतला हक्क जाईल. फेब्रुवारीत त्याला कामासाठी परदेशी जायचं आहे आणि मलाही व्हिसा लागेल. आज 25 ऑक्टोबर. काय करावं, कुठून सुरुवात करावी? लग्नाआधी खरंच काही परवाना काढावा लागतो का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: एजंटला पैसे दिले नसतील तर देऊ नका. सोमवारी, 27 तारखेला, विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात नोटीस देता येईल अशा बेताने शनिवार-रविवारी कागद जमवा. तुमच्या हातात वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही.

आधी मावसबहिणीच्या प्रश्नाबद्दल. अमेरिकेत लग्नाआधी परवाना काढतात. न्यूयॉर्क राज्यात तो मिळाल्यावर 24 तास थांबून 60 दिवसांच्या आत लग्न लावावं लागतं. आपल्याकडे त्या नावाचा कागद तुम्हाला कोणी देणार नाही. तुम्हाला लागू होणारा कायदा म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954. त्यात परवान्याच्या जागी नोटीस असते. 'आम्ही लग्न करणार आहोत' असं दोघांच्या सहीने लिहून द्यायचं, ते 30 दिवस कार्यालयाच्या फलकावर राहणार, कोणी कायदेशीर हरकत घेतली नाही की लग्न लावता येणार. म्हणजे हे 30 दिवस हाच तुमचा परवाना, आणि ते पैसे देऊन कमी होत नाहीत.

मग एजंट दोन दिवसांत काय करून देतो? तो देतो ते वेगळ्याच कायद्याखालचं लग्न. एखाद्या छोट्या कार्यालयात किंवा देवळात गुरुजी बोलावून विधी उरकतात, हार घातल्याचे आणि फेऱ्यांचे फोटो काढतात, गुरुजींची सही घेतात आणि मग महापालिकेत विवाह नोंदणी करतात. महाराष्ट्रात ही नोंदणी 1998 च्या राज्य कायद्याखाली होते आणि ती फक्त आधीच झालेल्या लग्नाची नोंद असते. दोघं हिंदू असतील आणि विधी खरोखर झाले असतील तर त्यात गैर काही नाही. पण हिंदू विवाह कायदा, 1955 हा दोघंही हिंदू असतील तरच लागू होतो (हिंदूंमध्ये या कायद्यापुरते बौद्ध, जैन, शीखही येतात). तुमच्यातला एक ख्रिश्चन आहे. म्हणून तर एजंटला ते शुद्धीकरण हवं आहे. कागदावर धर्म बदलला की त्याचं दोन दिवसांचं गणित जमतं. तुम्हाला दोघांनाही धर्म बदलायचा नाही, आणि फक्त लग्नापुरतं केलेलं धर्मांतर पुढे वारसा किंवा घटस्फोटाच्या प्रकरणात समोरचा वकील पहिल्यांदा उकरून काढतो.

यातलीच आणखी दोन सोंगं ओळखून ठेवा. एक म्हणजे नोटरीचं लग्न: स्टॅम्प पेपरवर 'आम्ही पती-पत्नी आहोत' असं प्रतिज्ञापत्र, खाली शिक्का. नोटरीला लग्न लावण्याचा अधिकारच नाही, त्यामुळे तो कागद म्हणजे लग्न नव्हे. दुसरं म्हणजे विधी न करता फक्त नोंदणी. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेलेच नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न सिद्ध होत नाही. आणि 'कोर्ट मॅरेज' हा शब्दच फसवा आहे. विशेष विवाह कायद्याचं लग्न न्यायालयात होत नाही, काळा कोट लागत नाही, वकीलही लागत नाही. महाराष्ट्रात हे काम नोंदणी व मुद्रांक विभागाच्या विवाह अधिकाऱ्याकडे असतं.

आता तारखांचं गणित, कारण लोक चुकतात ते इथेच.

या कायद्यात दोन घड्याळं चालतात आणि ती एकाच क्षणी सुरू होतात असं नाही. पहिलं 30 दिवसांचं. ते नोटीस *प्रसिद्ध* झाल्यापासून, म्हणजे फलकावर लागल्यापासून मोजायचं. दुसरं तीन महिन्यांचं. ते नोटीस *दिल्यापासून* मोजायचं, आणि त्यात लग्न झालं नाही तर नोटीस रद्द होते व सगळं पहिल्यापासून करावं लागतं. कागदात काहीतरी कमी निघालं आणि नोटीस आठवडाभर उशिरा लागली तर पहिलं घड्याळ आठवडाभर उशिरा सुरू होतं. दुसरं तोवर चालू झालेलं असू शकतं. घरबसल्या ऑनलाईन माहिती भरली, पावती आली, म्हणजे 30 दिवस सुरू झाले असं समजू नका. नोटीस कोणत्या तारखेला स्वीकारली आणि कोणत्या तारखेला प्रसिद्ध झाली, हे कार्यालयात विचारून दोन्ही तारखा लिहून ठेवा.

तुमच्यापुरतं पाहू. सोमवारी 27 ऑक्टोबरला नोटीस दिली आणि त्याच दिवशी लागली, तर 30 वा दिवस 26 नोव्हेंबर. 27 नोव्हेंबरपासून लग्न लावता येईल, आणि शेवट 27 जानेवारीच्या आत. नोटीस लागायला 13 नोव्हेंबर उजाडला तरी कागदोपत्री 14 डिसेंबर गाठता येतो, पण तिथवर ताणू नका. एक हरकत किंवा एक चुकीचा दाखला आला की पत्रिका वाटून झालेल्या असतात.

शिवाय 14 डिसेंबरला रविवार आहे. कार्यालय बंद. कायद्याच्या 12 व्या कलमाप्रमाणे जादा शुल्क भरून विवाह अधिकाऱ्याला कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी बोलावता येतं, हे खरं. हॉलमध्येच सह्या व्हाव्यात असं वाटणंही समजण्यासारखं आहे. पण रविवारी अधिकारी मोकळे असतील का, त्या दिवशी आणखी कोणाचं बोलावणं असेल का, हे तुमच्या हातात नाही. म्हणून आमचा सल्ला: कायद्याचं लग्न शुक्रवारी, 5 डिसेंबरला कार्यालयात लावा. साक्षीदार आजारी पडला किंवा अधिकारी रजेवर गेले तरी पुढचा अख्खा आठवडा हाताशी राहतो. 14 तारखेला हॉलमध्ये अंतरपाट धरा, मंगलाष्टकं म्हणा, केक कापा, काय हवं ते करा. तो सोहळा. लग्न 5 तारखेचं.

क्रम मात्र उलटा करू नका. आधी हॉलमध्ये विधी आणि मग विशेष विवाह कायद्याखाली सह्या, असं अनेकांच्या मनात असतं. हिंदू आणि ख्रिश्चन यांच्यात हिंदू पद्धतीने लावलेलं लग्न हिंदू विवाह कायद्यात बसत नाही. मग आधीच्या सोहळ्याची नोंदणी करायची म्हटली तर विशेष विवाह कायद्याचं 15 वं कलम लागतं. त्यात दोघांचं वय नोंदणीच्या वेळी 21 पूर्ण हवं, दोघं पती-पत्नी म्हणून राहत असायला हवेत, आणि पुन्हा 30 दिवसांची जाहीर सूचना आहेच. परदेशी जाण्याच्या तोंडावर हा वळसा कशाला?

त्याच्या घरी चर्चमधल्या लग्नाचा आग्रह असेल तर त्यांच्या फादरशी आत्ताच बोला. भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा, 1872 खाली एक पक्ष ख्रिश्चन असला तरी लग्न लागू शकतं, आणि कॅथलिक चर्चमध्ये अशा लग्नाला बिशपची परवानगी घ्यावी लागते. त्या कायद्याखाली चर्चमध्ये लागलेलं लग्न हेच पूर्ण लग्न असतं, सोहळा नव्हे. म्हणून कायद्याचं लग्न कुठलं आणि चर्चचा आशीर्वाद कुठला हे आधी ठरवून ठेवा. दोन दाखले आणि त्यांवर लग्नाच्या दोन तारखा, हे व्हिसाच्या खिडकीवर समजावून सांगणं अवघड जातं.

नोटीस कुठे द्यायची? दोघांपैकी किमान एकजण नोटिशीआधीचे सलग 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहतो, त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे. तुम्ही पुण्यातच राहता, त्यामुळे ही अट तुमच्या पत्त्यानेच पुरी होते. त्याचा भाडेकरार नोंदणीकृत असेल तर तोही जोडा. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारकच आहे. साध्या स्टॅम्प पेपरवरचा, नोंदणी न केलेला करार राहण्याचा पुरावा म्हणून परत येतो.

एक बारीक गोष्ट, जी वसईकरांना हमखास अडते. कायद्याप्रमाणे दोघांपैकी एखाद्याचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथल्या फलकावरही लागते. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वसई तालुका त्यात गेला. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर, कदाचित जन्मदाखल्यावरही 'जि. ठाणे' असेल. ते बरोबरच आहे, तेव्हा ठाणेच होतं. पण नोटिशीत कायमचा पत्ता लिहिताना जुन्या कागदावरून उतरवून 'ठाणे' लिहिलं तर प्रत भलत्याच कार्यालयात जाईल. आजचा जिल्हा लिहा: पालघर. आधार कार्डावर अजून ठाणे असेल तर ते आधी दुरुस्त करून घेतलेलं बरं.

कागद फार नाहीत, नीट लागतात एवढंच. वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट. पत्त्यासाठी आधार, पासपोर्ट, वीजबिल, भाडेकरार यांपैकी. पासपोर्ट आकाराचे फोटो. दोघांपैकी कोणाचं आधी लग्न झालेलं असतं तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत किंवा मृत्यूदाखला लागला असता. तुमच्या पत्रात तसं काही नाही, म्हणून ते सोडून देऊ. नोटिशीची माहिती विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाईन भरता येते. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आहे ना, हे आधी बघा, नाहीतर ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जात राहतो. सरकारी शुल्क काही शे रुपयांच्या आत असतं. पंधरा हजारांपैकी बाकीचे कशाचे, ते एजंटला विचारून बघा.

खरा घोळ होतो तो नावात. मराठी माणसाचं नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, पासपोर्टवर वडिलांचं नाव पुढच्या रकान्यात. त्याच्या बाजूला बाप्तिस्म्याचं नाव एक आणि शाळेतलं नाव दुसरं असंही असू शकतं, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं. टेबलावर सगळे कागद एकाखाली एक ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर लावून बघा. नोटिशीत पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला, कारण व्हिसासाठी शेवटी पासपोर्टच समोर ठेवला जाईल. नोटिशीतलं नाव पुढे प्रमाणपत्रात उतरतं. तिथली चूक नंतर सुधारता येते, पण खाडाखोड करून नाही. कायद्याच्या 49 व्या कलमाप्रमाणे, चूक लक्षात आल्यापासून महिन्याच्या आत, तुमच्या दोघांच्या समोर, अधिकारी समासात दुरुस्तीची नोंद करतात आणि मूळ नोंद तशीच राहते. म्हणून सही करण्याआधी प्रमाणपत्राचा मसुदा मोठ्याने वाचा. घाईत कोणी वाचत नाही, आणि वडिलांच्या नावातली वेलांटी तिसऱ्या दिवशी दिसते.

आजोबांबद्दल. नोटीस गुप्त राहत नाही. फलकावर दोघांची नावं, वयं, पत्ते लागतात आणि कोणीही जाऊन पाहू शकतो. मात्र ती तुमच्या घरी पोस्टाने पाठवावी असं कायद्यात कुठेही नाही. घरच्या पत्त्यावर नोटीस पाठवणं कायद्याला धरून नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2009 मध्ये म्हटलं होतं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये तर नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. पण तो निकाल तिकडचा. महाराष्ट्रात नोटीस लागणार असं धरूनच चला. आणि फलक वाचणारे लोक असतात, काही तर त्यासाठीच येतात. आजोबांना ही बातमी गल्लीतल्या कोणाकडून कळण्यापेक्षा तुमच्या बाबांनी सोमवारच्या आधी स्वतः जाऊन सांगावी. तुम्ही नव्हे, बाबांनी. ज्याच्यावर रागवायचं ते माणूस समोर असलं की राग लवकर ओसरतो.

आजोबा किंवा आणखी कोणी हरकत घेतली तर? घेऊ शकतात, पण कारण 4 थ्या कलमातलंच हवं. दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे, मनाच्या अवस्थेमुळे संमती देता येत नाही, मुलगा 21 किंवा मुलगी 18 पूर्ण नाही, किंवा दोघं निषिद्ध नात्यात आहेत. एवढंच. 'मुलगा ख्रिश्चन आहे', 'आम्हाला विचारलं नाही', 'जात वेगळी आहे' ही कारणं या यादीत नाहीत. हरकत आली की अधिकाऱ्याने चौकशी करून 30 दिवसांच्या आत निर्णय द्यायचा असतो, आणि तोवर लग्न थांबतं. हरकत फेटाळली आणि ती खोडसाळ निघाली तर हरकतदारावर 1000 रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. रक्कम 1954 सालची आहे, आज तिचा धाक कोणाला वाटत नाही. अधिकाऱ्याने हरकत मान्य केली तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं, आणि मग तीन महिने न्यायालयाच्या निर्णयापासून मोजतात.

निषिद्ध नात्याचा विषय तुमच्यासाठी नाही, पण इतर वाचकांसाठी एक ओळ: आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न अनेक समाजांत चालतं. विशेष विवाह कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात मात्र मामेबहीण निषिद्ध नात्यांत आहे. रूढीची सवलत आहे, पण तीही राज्य शासनाने राजपत्रात अधिसूचित केलेल्या रूढीलाच. अशा जोडप्यांनी नोटिशीआधी वकिलाला विचारावं.

काकांच्या जमिनीबद्दल जरा सविस्तर. त्यांचं म्हणणं अर्ध्या माहितीवर उभं आहे. कायद्याच्या 19 व्या कलमात असं आहे की अविभक्त हिंदू कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केलं तर ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असं मानतात. दोघंही हिंदू असतील तर 1976 च्या दुरुस्तीनंतर हे कलम लागू होत नाही, पण तुमचा जोडीदार ख्रिश्चन आहे, म्हणून तुम्हाला लागू होईल. आता विभक्त होणं म्हणजे हक्क गमावणं नव्हे. दोन भाऊ वेगळे झाले की त्यांचा हिस्सा बुडत नाही, ठरतो. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलगीही जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली हिस्सेदार, आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ते पक्कं केलं. त्यामुळे वडिलोपार्जित अविभक्त मिळकतीतला तुमचा हिस्सा लग्नाच्या दिवशी वेगळा पडला असं समजायचं. जमीन जास्त असेल किंवा भाऊबंदकी असेल तर लग्नाआधी सातबारा आणि फेरफार घेऊन दिवाणी वकिलाला एकदा दाखवा. आणि 'तुझा हक्क तसाही जाणारच आहे, तर या कागदावर सही कर' असं म्हणत कोणी हक्कसोडपत्र पुढे केलं, तर लग्नाच्या धांदलीत सही करू नका. हक्क जातो तो लग्नाने नाही, त्या सहीने.

एक बदल मात्र खरा आहे. लग्नानंतर तुमच्या दोघांच्या मिळकतीला वारशासाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 लागेल. मृत्युपत्र नसताना नवरा गेला आणि मुलं नसली तर बायकोला अर्धं मिळतं, उरलेलं त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांना. मुलं असली तर बायकोला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश. बायको आधी गेली तर नवऱ्यालाही हेच प्रमाण. हे पसंत नसेल तर दोघांनी मृत्युपत्रं करा, पण लग्नानंतर. ख्रिश्चन माणसाने लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं.

परदेशाचं. 5 तारखेला प्रमाणपत्र मिळालं की त्याच्या तीन-चार प्रमाणित प्रती तेव्हाच मागून घ्या. नंतर एकेका प्रतीसाठी खेप पडते. हेग करारातल्या बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण) लागतो. बाकी देशांत त्या देशाच्या दूतावासाचं साक्षांकनही मागतात. कुठला देश, त्यावर ठरेल, म्हणून व्हिसाची यादी आत्ताच उतरवून घ्या. व्हिसाच्या अर्जात लग्नाची तारीख विचारतील तिथे 5 डिसेंबर लिहायचं. पत्रिकेवर 14 छापलेली असली तरी पत्रिका कोणी पुरावा म्हणून मागू नये अशी व्यवस्था करा: सोबत जोडू नका. आडनाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न आहे, कायद्याची सक्ती नाही. बदलणार असाल तर परदेशी जाण्याआधीच्या या दोन महिन्यांत नका बदलू. तिकीट एका नावाचं, व्हिसा दुसऱ्या नावाचा, हा त्रास फुकटचा आहे.

आता शुक्रवारचा दिवस. तीन साक्षीदार लागतात, सज्ञान, प्रत्येकाचं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मूळ प्रतीत. तीनच ठरवू नका, चौथा जवळपास असू द्या. ऐन वेळी साक्षीदाराच्या आधारवर जन्माचं नुसतं साल निघतं किंवा तो घरी पाकीट विसरतो, आणि चार वाजता कार्यालयाचं काम आटपत आलेलं असतं. साक्षीदाराची सही ओळखपत्रावरच्या सहीशी मिळती असावी. सकाळची वेळ घ्या. आधी तुम्ही दोघं आणि साक्षीदार तिसऱ्या परिशिष्टातल्या प्रतिज्ञापत्रावर सह्या करता. मग तो क्षण, ज्यावाचून हे लग्न कायद्याने पूर्ण होत नाही: अधिकारी आणि तिन्ही साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना तोंडाने म्हणायचं, 'मी अमुक, तुला माझी कायदेशीर पत्नी म्हणून स्वीकारतो', 'मी अमुक, तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.' दोघांना कळेल अशी कोणतीही भाषा चालते. मराठीत म्हणा. पुटपुटू नका, साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे. त्यानंतर प्रमाणपत्रावर पाच सह्या आणि अधिकाऱ्याची. कायद्याच्या नजरेत हे प्रमाणपत्र लग्न झाल्याचा निर्णायक पुरावा आहे. त्यावर आणखी महापालिकेचा दाखला काढायला कोणी सुचवलं तर तो एजंटचा भाऊच समजा.

हार घेऊन गेलात तर कार्यालयात एका बाजूला घालता येतात. पण फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतात तिथे बोटांवर मेंदी असेल तर यंत्र ठसा नाकारतं, आणि नवरी लिंबाने बोट घासत उभी राहते. मेंदी 13 तारखेला, शनिवारी काढा.